कॉपी झाली, पण पेनड्राइव्हवर पोचली का? उबुंटूतल्या फाइल मॅनेजरबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोजवरून नुकतेच उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) आलात. १.४ जीबीचा व्हिडिओ ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केला. कॉपीची पट्टी काही सेकंदांत भरली, म्हणून पेनड्राइव्ह काढून टीव्हीला लावला. तिथे फाइलचे नाव दिसले, पण व्हिडिओ चालेना. पुढच्या वेळी इजेक्ट (पेनड्राइव्ह रीतसर सोडण्याचे बटण) दाबले तर ‘व्हॉल्यूम इज बिझी’, म्हणजे पेनड्राइव्ह अजून वापरात आहे, असा संदेश आला, तेव्हा तसाच ओढून काढला. आता पेनड्राइव्हवर काही लिहिताच येत नाही, ‘रीड-ओन्ली’ म्हणतो. पेनड्राइव्ह खराब झाला का, की उबुंटूत काही गडबड आहे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते बहुधा दोन्ही नाही. तीन तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी मूळ एकच आहे. पट्टी भरली म्हणजे काम संपले असे तुम्ही धरलेत. प्रत्यक्षात ते इजेक्टनंतर येणाऱ्या ‘आता काढू शकता’ या सूचनेवर संपते. मात्र पेनड्राइव्ह खरोखर मरणपंथाला लागल्यावरही ‘रीड-ओन्ली’ हेच लक्षण दिसते, म्हणून ती शक्यता कशी पारखायची तेही खाली लिहितो.

आधी पट्टी इतक्या लवकर का भरते ते पाहू. फाइल मॅनेजर डेटा थेट पेनड्राइव्हला देत नाही, तो लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सगळे हार्डवेअर सांभाळणाऱ्या गाभ्याला, देतो. कर्नल तो आधी रॅममध्ये ठेवून घेतो आणि सवडीने पेनड्राइव्हवर उतरवतो. पट्टी मोजते ती फाइल मॅनेजरने किती डेटा कर्नलच्या हवाली केला ते. उबुंटूच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये, उपलब्ध रॅमच्या सुमारे १० टक्के एवढा डेटा साठला की कर्नल मागच्या मागे लिहायला लागतो, आणि २० टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत जाऊ लागला की कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला रोखून धरतो. साठा याहून कमी असेल तर कर्नल दर ५ सेकंदांनी उठून पाहतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुना झालेला डेटा लिहायला घेतो.

हे आकडे तुमच्या व्हिडिओला लावून पाहा. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर साधारण १२ जीबी मोकळी असेल, तर २० टक्क्यांची मर्यादा सुमारे २.४ जीबी होते, त्यामुळे १.४ जीबीची अख्खी फाइल रॅममध्ये सामावते आणि पट्टी भर्रकन शेवटाला जाते. साध्या पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबी धरला, तर तीच फाइल खरोखर उतरायला १४० सेकंद लागतात. तुम्ही पेनड्राइव्ह काढलात तेव्हा व्हिडिओचा मोठा भाग रॅममध्येच होता. फाइल मोठी असली, समजा ८ जीबी, की वेगळे चित्र दिसते: पट्टी सुरुवातीला सुसाट धावते आणि मग एकदम रेंगाळते. तो बिघाड नसतो. रॅममधली ती ठरलेली जागा भरलेली असते आणि पट्टी आता पेनड्राइव्हच्या खऱ्या वेगाने चाललेली असते.

लहान फाइलची गंमत याच्या उलट. दोन-तीनशे केबीची पीडीएफ कॉपी करून दहा सेकंदांत पेनड्राइव्ह काढला, तर तिचे लिखाण सुरूही झालेले नसू शकते. झेरॉक्सच्या दुकानात गेल्यावर नाव दिसते पण आत काही नाही, किंवा नावही नाही, असे होते ते यामुळे. त्यामुळे ‘छोटीच फाइल आहे, इजेक्ट कशाला’ हा हिशेब उलटा पडतो.

विंडोजवर हे इतके जाणवत नाही, त्याला कारण आहे. पेनड्राइव्हसाठी तिथे ‘क्विक रिमूव्हल’ नावाचे धोरण असते, ज्यात विंडोज डेटा फारसा साठवून ठेवत नाही. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी तेच मुळातून लागू आहे. न विचारता पेनड्राइव्ह ओढायची सवय त्यातून लागते. उबुंटूतही फॅट३२ (फाइली मांडून ठेवण्याची एक जुनी पद्धत, म्हणजे फाइलसिस्टीम) असलेला पेनड्राइव्ह वेगळ्या पर्यायासह माउंट होतो, म्हणजे वापरासाठी जोडला जातो, आणि डेटा लवकर खाली ढकलला जातो. म्हणून ‘माझ्या जुन्या ८ जीबीच्या पेनड्राइव्हला असे कधी झाले नाही’ हा अनुभवही खरा असू शकतो. तुमचा ६४ जीबीचा आहे. या आकाराचे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये फॉरमॅट होऊन येतात, आणि तिथे साठवण्याचा परिणाम पुरेपूर दिसतो.

मग करायचे काय? फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत पेनड्राइव्हच्या नावासमोर वर टोक केलेला छोटा बाण असतो, तो दाबायचा. डेटा उतरायचा राहिला असेल तर ‘लिहिणे चालू आहे, काढू नका’ अशा अर्थाची सूचना वर येते, आणि काम संपले की काढायला हरकत नाही असे सांगणारी दुसरी. या दुसऱ्या सूचनेची वाट पाहा. अडीच मिनिटे लागली तरी ती वाया जात नाहीत, कारण खरी कॉपी त्याच वेळात होत असते. पेनड्राइव्ह काढायचा नसेल पण डेटा पक्का उतरवायचा असेल, तर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून सिंक ही कमांड द्या: एस, वाय, एन, सी ही चार अक्षरे आणि एंटर. ती काहीच बोलत नाही. पुन्हा प्रॉम्प्ट (पुढची कमांड मागणारी ओळ) आला की तोपर्यंत साठलेले सगळे लिहून झाले असे समजायचे. पेनड्राइव्हवरचा दिवा थांबणे ही खूण मी धरत नाही. काही पेनड्राइव्ह लिहिता लिहिता मध्येच दिवा विझवतात, काहींचा लावलेला असेपर्यंत लुकलुकतच राहतो.

साठवण्याची मर्यादा कर्नलच्या सेटिंगमध्ये ठरावीक एमबीवर आणता येते, म्हणजे पट्टी खऱ्या वेगाच्या जवळ येते. हा सल्ला बऱ्याच जणांकडून मिळेल. पण ती मर्यादा सगळ्या मशीनला लागते, आतल्या डिस्कलाही. एका पेनड्राइव्हपायी मी ती बदलणार नाही.

नेमकी कॉपी झाली का हे पाहायचे असेल तर एक खुबी ध्यानात ठेवा. कॉपीनंतर लगेच पेनड्राइव्हवरची फाइल उघडून पाहिली तर ती हमखास चालते, कारण ती रॅममधल्या साठ्यातूनच वाचली जाते. इजेक्ट करा, काढा, पुन्हा लावा आणि मग तपासा. व्हिडिओ असेल तर शेवटची दोन-तीन मिनिटे चालवून पाहा. महत्त्वाचा डेटा असेल तर मूळ फाइल आणि प्रत या दोन्हींची एसएचए-२५६ बेरीज (चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) टर्मिनलमधून काढून ताडून बघा.

आता ‘बिझी’चे पाहू. याचा अर्थ कुठल्यातरी प्रोग्रामने पेनड्राइव्हवरची फाइल उघडी धरली आहे, किंवा कुणीतरी त्यावरच्या फोल्डरमध्ये बसून आहे. नेहमीचे धरणारे ठरलेले असतात. थांबवलेला पण बंद न केलेला व्हिडिओ प्लेअर. लिबरऑफिसमध्ये उघडी राहिलेली फाइल. नीट न संपलेली दुसरी कॉपी. आणि पेनड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये उघडलेले टर्मिनल, ज्यात काहीही चालू नसते तरी ते व्हॉल्यूम सोडत नाही. टर्मिनलमध्ये सीडी (सी, डी ही दोन अक्षरे) ही कमांड एकटी देऊन घरच्या फोल्डरात परत आलात तरी पुरते.

एवढ्याने सुटले नाही तर सिस्टिम मॉनिटर उघडा. त्याच्या मेनूत उघड्या फाइली शोधण्याची सोय आहे, तिथे पेनड्राइव्हचे नाव टाइप करा. कुठला प्रोग्राम कुठली फाइल धरून बसला आहे त्याची यादी येते. त्या प्रोग्रामला नेहमीच्या रीतीने बंद करा. फोल्डरमध्ये नुसते उघडे असलेले टर्मिनल या यादीत सापडत नाही, म्हणून ते आधीच हाताने तपासायला सांगितले. पेनड्राइव्ह नुकताच लावला असेल आणि त्यात हजारो फोटो असतील, तर लघुचित्रे बनवणे चालू असू शकते. मिनिटभर थांबून पुन्हा दाबा.

‘बिझी’च्या खिडकीत ‘अनमाउंट एनीवे’ असे बटण असते. ते दाबू नये असे मी सांगतो, त्याचे कारण हे: व्हॉल्यूम व्यस्त असताना जबरदस्तीने अनमाउंट करायला सांगितले की मागची यंत्रणा आळशी अनमाउंट करते. म्हणजे पेनड्राइव्ह डाव्या पट्टीतून लगेच नाहीसा होतो, पण ज्या प्रोग्रामने फाइल उघडी ठेवली आहे तो त्यावर लिहीतच राहू शकतो. खरी सुटका तो प्रोग्राम बंद झाल्यावर होते. चिन्ह गेले म्हणून तुम्ही पेनड्राइव्ह काढता आणि नेमके तेव्हाच लिखाण चालू असते. हे बटण दाबावेच लागले तर नंतर मशीन रीतसर बंद करा आणि मगच पेनड्राइव्ह काढा.

शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून: ‘अनमाउंट’ म्हणजे त्या एका पार्टिशनचे (साधनाच्या एका भागाचे) लिखाण पूर्ण करून ते सोडणे. ‘इजेक्ट’ म्हणजे सगळी पार्टिशने सोडून त्या साधनाला, कार्ड रीडर असेल तर त्यातल्या कार्डाला, निरोप देणे. ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘पॉवर ऑफ’ असे दिसते तिथे यूएसबी साधन पूर्ण बंद केले जाते. पेनड्राइव्हला पहिले दोन पुरतात. बाहेरच्या फिरत्या हार्ड डिस्कला मात्र शेवटचाच वापरा. तिची चकती थांबायला आणि हेड जागेवर बसायला काही सेकंद लागतात, घरघर थांबेपर्यंत ती हलवू नका. अशी डिस्क मध्येच आपोआप सुटत असेल तर उबुंटूला दोष देण्याआधी वीज तपासा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो, यूएसबी ३ चा ९०० मिलिअँपिअर. वीज न जोडलेल्या हबमध्ये डिस्क, माउस आणि कीबोर्ड एकत्र लावले की पहिली डिस्कच मान टाकते.

इथपर्यंत पहिल्या दोन तक्रारी झाल्या. पट्टी रॅमचा हिशेब सांगते, पेनड्राइव्हचा हिशेब इजेक्ट सांगते, आणि ‘बिझी’ आले तर धरणारा शोधायचा. तिसरी तक्रार जरा नाजूक आहे, तिथे घाई नको.

लिखाण अर्धवट असताना पेनड्राइव्ह ओढला की त्यावरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. डिरेक्टरीत (फाइलींच्या यादीत) फाइल आहे, पण तिचे तुकडे कुठे ठेवले त्याची नोंद अपुरी. पुढच्या वेळी कर्नलला अशी विसंगती आढळली की तो आणखी नुकसान होऊ नये म्हणून ती फाइलसिस्टीम रीड-ओन्ली करतो. एका अर्थी तो तुमचा उरलेला डेटा वाचवतो आहे. त्यामुळे परवानग्या बदलणे, रूटने (सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून) फाइल मॅनेजर उघडणे, असले इंटरनेटवरचे उपाय इथे लागू नाहीत.

आता नेमके कोण अडवते आहे ते ओळखायचे. ‘लॉग्ज’ हा प्रोग्राम उघडा, त्यात हार्डवेअरचा भाग निवडा आणि पेनड्राइव्ह लावा. नव्याने येणाऱ्या ओळी वाचा. ‘व्हॉल्यूम वॉज नॉट प्रॉपर्ली अनमाउंटेड’ किंवा ‘फाइलसिस्टीम हॅज बीन सेट रीड-ओन्ली’ असे दिसले तर दोष नोंदींचा आहे आणि तो दुरुस्त होतो. ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ असे दिसले तर खुद्द साधनच लिहू देत नाही. एसडी कार्ड असेल तर त्याच्या कडेची छोटी पट्टी ‘लॉक’कडे सरकली आहे का पाहा, अॅडॉप्टरच्या खाचेत ती सहज सरकते. पेनड्राइव्हला अशी पट्टी नसताना ही ओळ येत असेल तर त्याच्या आतल्या चिपने स्वतःला कुलूप लावले आहे. फ्लॅश मेमरी संपत आली की अनेक पेनड्राइव्ह असेच वागतात. असा पेनड्राइव्ह कुठल्याही फॉरमॅटने परत लिहिता होणार नाही. वाचता येतो तोवर डेटा काढून घ्या आणि तो बाजूला टाका. ‘आय-ओ एरर’च्या ओळींची रांग लागली तर आधी दुसरा पोर्ट आणि दुसरी केबल वापरून पाहा.

दोष नोंदींचाच निघाला तर क्रम हा ठेवा. सर्वांत आधी पेनड्राइव्हवरचे जे वाचता येते ते लॅपटॉपवर काढून घ्या. रीड-ओन्ली असताना वाचायला काही अडचण नसते. मग अनमाउंट करा. ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडा, डावीकडे पेनड्राइव्ह निवडा. इथे आकार आणि नाव दोनदा वाचा, कारण याच यादीत लॅपटॉपची आतली डिस्कही असते. पार्टिशनच्या चित्राखालच्या दातेरी चाकावर क्लिक करून ‘चेक फाइलसिस्टीम’ करा आणि दोष निघाला तर ‘रिपेअर फाइलसिस्टीम’. एक्सफॅटच्या तपासणी-दुरुस्तीसाठी एक्सफॅटप्रॉग्ज हे पॅकेज लागते, आणि जुन्या उबुंटूत हे पर्याय एक्सफॅटला मिळतीलच असे नाही. ते फिकट दिसले तर पेनड्राइव्ह विंडोजच्या मशीनला लावा, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक या वाटेने तपासून घ्या. काम तेच होते. फॅट३२ असेल तर दुरुस्तीनंतर एफएससीके या अक्षरांनी सुरू होणाऱ्या अनोळखी फाइली पेनड्राइव्हवर दिसू शकतात. ते मालक हरवलेले तुकडे असतात. डेटा आधीच काढून घेतला असेल तर बेधडक पुसा.

पेनड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टीम) असेल, आणि तोच विंडोजच्या मशीनलाही लावत असाल, तर रीड-ओन्लीचे किंवा माउंटच न होण्याचे कारण तिकडे असू शकते. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’ने बंद झाले की ते खरे तर अर्धे झोपलेले असते आणि लावलेले ड्राइव्ह पूर्ण सोडत नाही. त्याच विंडोजमध्ये लावून तिथून रीतसर इजेक्ट करा. ‘ड्राइव्ह अजून सोडलेला नाही’ ही विंडोजची खूण लिनक्समधून जबरदस्तीने पुसता येते, पण त्यात शेवटच्या काही बदलांवर पाणी सोडावे लागते.

दुरुस्तीनंतर मी असा पेनड्राइव्ह एकदा नव्याने फॉरमॅट करतो. कशात करायचा ते तो कुठे लावणार यावर अवलंबून आहे. जुने टीव्ही आणि गाडीतले प्लेअर पुष्कळदा फॅट३२ शिवाय काही ओळखत नाहीत. मग एक फाइल ४ जीबीपेक्षा लहानच हवी, त्याहून मोठी असेल तर पेनड्राइव्ह रिकामा असला तरी कॉपी नाकारली जाते. मोठे व्हिडिओ आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे वापर असेल तर एक्सफॅट. लिनक्स कर्नलमध्ये त्याचा सध्याचा चालक (ड्रायव्हर) ५.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आहे, त्यामुळे आजच्या उबुंटूत तो नुसता वाचायला-लिहायला वेगळे काही बसवावे लागत नाही. फक्त लिनक्सच्या मशीनांमध्ये फिरणार असेल तर ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची फाइलसिस्टीम) उत्तम, पण त्यावर फाइलींची मालकी नोंदवली जाते. एका लॅपटॉपवर ठेवलेली फाइल दुसऱ्यावर ‘परवानगी नाही’ म्हणू शकते. तुमच्या टीव्हीच्या पुस्तिकेत एक्सफॅट लिहिलेले असेल तर तुम्हाला तेच ठीक.

याच प्रश्नाच्या पाठोपाठ येणाऱ्या दोन अडचणी आताच सांगून ठेवतो. फाइली पुसूनही पेनड्राइव्हवर जागा होत नाही, ही पहिली. फाइल मॅनेजरमध्ये डिलीट दाबले की फाइल पेनड्राइव्हवरच्याच एका लपलेल्या कचरापेटीत जाते. कंट्रोल आणि एच दाबा, म्हणजे टिंबाने सुरू होणारा ‘ट्रॅश-१०००’ असा फोल्डर दिसेल. १००० हा उबुंटूतल्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक. पेनड्राइव्ह लावलेला असताना ट्रॅश रिकामा केला की जागा मोकळी होते. कायमचेच पुसायचे असेल तर शिफ्ट धरून डिलीट. तो फोल्डर टीव्हीवर किंवा विंडोजवर दिसला तर घाबरू नका, व्हायरस नाही.

दुसरी अडचण मराठी नावे ठेवणाऱ्यांना हमखास भेटते. फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएसमध्ये नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते. उबुंटूच्या नेहमीच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलंत हेही वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाचीच १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. त्यामुळे सुमारे ८५ चिन्हांनंतर नाव संपते. शासन निर्णयाचा अख्खा विषय फाइलचे नाव म्हणून विंडोजवर ठेवलेला असेल, तर ती पीडीएफ पेनड्राइव्हवरून उबुंटूत आणताना ‘नाव फार लांब आहे’ म्हणून अडते. पेनड्राइव्हवरच नाव आखडून मग कॉपी करा. उलट दिशेने अडवतात ती विरामचिन्हे: अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण. ‘सभा १०:३०’ हे नाव उबुंटूत चालते, पेनड्राइव्हवर चालत नाही.

मोबाइल केबलने लावला तर तो डाव्या पट्टीत पेनड्राइव्हसारखा दिसतो, पण हे सगळे नियम त्याला लागू नाहीत. तो डिस्क म्हणून जोडला जात नाही, एमटीपी नावाच्या पद्धतीने एकेक फाइल मागवली जाते. स्क्रीन उघडी ठेवा, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा, आणि फाइल आधी लॅपटॉपवर आणून मगच उघडा.

आता तुमच्या बाजूने: डेटा काढून घ्या, लॉग्जमधल्या ओळी पाहा, दुरुस्ती करा, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, तोच व्हिडिओ पुन्हा कॉपी करून सूचना येईपर्यंत थांबून काढा. एवढे करूनही फाइल बिघडत असेल तर पेनड्राइव्ह सांगितलेल्या क्षमतेचा नसण्याची शंका घ्यावी लागेल. बाजारात ६४ जीबी सांगून आत त्याहून पुष्कळ कमी मेमरी असलेले पेनड्राइव्ह मिळतात. ते भरेपर्यंत सगळे ठीक दाखवतात आणि मग जुन्या डेटावरच लिहीत जातात. त्यासाठी उबुंटूत एफ३ नावाचे पॅकेज आहे. ते पेनड्राइव्हची मोकळी जागा फाइलींनी पूर्ण भरते आणि मग प्रत्येक फाइल परत वाचून पाहते. ६४ जीबीला, सेकंदाला १० एमबीच्या वेगाने, नुसते लिहायलाच पावणेदोन तासांच्या वर लागतील, तेव्हा रात्री लावून ठेवा. त्याचा निकाल, लॉग्जमधल्या शेवटच्या आठ-दहा ओळी आणि उबुंटूची आवृत्ती कळवा, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.